छापखाना, बहिष्कार आणि हिंगण्याचा माळ

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस असलेला कर्वेनगर हा भाग आज महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचा असला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो हिंगणे बुद्रुक या खेड्याचा माळ होता आणि पुण्याच्या पेठांपासून सुमारे चार मैल दूर होता. धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये विधवांसाठीचा आपला अनाथ बालिकाश्रम या माळावर हलविला, त्याचे तातडीचे कारण शहरात वारंवार उसळणारी प्लेगची साथ हे होते. परंतु आश्रम ज्या रीतीने उभा राहिला आणि ज्या रीतीने चालविला गेला, ती रीत समजून घ्यायची तर त्याआधीच्या वीस वर्षांत पुण्याच्या सार्वजनिक जीवनात काय घडले हे पाहावे लागते. त्या काळात पुण्याने ध्रुवीकरणाचा, म्हणजे समाजात मते अनेक असतानाही ती सारी दोनच टोकांकडे ओढली जाण्याचा आणि काय बोलले जाते यापेक्षा बोलणारा कोणत्या गटाचा आहे याला अधिक महत्त्व येण्याचा, अनुभव पुरेपूर घेतला होता. समाजमाध्यमांच्या संदर्भात आज या शब्दाची चर्चा होते, तेव्हा तिच्या जोडीला प्रभावाच्या विषमतेचा, म्हणजे बोलण्याची मुभा सर्वांना असूनही ऐकले जाण्याची शक्ती थोड्यांच्याच हाती असण्याचा, प्रश्न येतो. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे पुण्याच्या त्या दोन दशकांत स्पष्ट दिसते.

त्या काळातील प्रभावाचे मुख्य साधन वृत्तपत्र हे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ ही साप्ताहिके सुरू केली, आणि थोड्याच काळात ‘केसरी’ हे मराठीतील सर्वांत जास्त खपाच्या पत्रांपैकी एक झाले. कोल्हापूरच्या बर्वे अब्रूनुकसानी खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, त्यामुळे पत्राला केवळ वाचकच लाभले नाहीत, तर त्याच्या शब्दाला एक नैतिक वजन आले. मुंबई इलाख्यात त्या काळी शंभरांतील दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते आणि स्त्रियांत तर हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास होते, तरीही पत्राचा प्रभाव वर्गणीदारांच्या यादीपुरता राहत नसे. एक अंक वाड्याच्या ओसरीवर, दुकानात किंवा गावच्या चावडीवर मोठ्याने वाचला जाई, आणि वाचणारा शिक्षक, वकील किंवा कुलकर्णी जो अर्थ सांगेल तो ऐकणाऱ्यांच्या मनात ठसे. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्या पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असे मांडले, की माध्यमांतील मत थेट सर्वांपर्यंत न पोहोचता आधी काही मोजक्या मतदर्शकांकडे येते आणि त्यांच्याकडून इतरांत पसरते. हा द्विस्तरीय प्रवाह मराठी मुलखात त्याआधी साठ वर्षे वाहत होता, आणि त्याच्या दोन्ही पायऱ्यांवर उभी असलेली माणसे बहुधा एकाच जातीची, एकाच शिक्षणाची आणि पुरुष होती.

ज्या प्रश्नावर पुणे दुभंगले, त्यावरील मते मुळात दोन नव्हती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध करून सरकारी हस्तक्षेपाची मागणी केली, तेव्हा महाराष्ट्रातून आलेली उत्तरे परस्परांपासून बरीच भिन्न होती. महादेव गोविंद रानडे यांना कायद्याची मर्यादित मदत मान्य होती, पण परंपरेशी धागा तुटू नये अशी त्यांची धडपड होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर धर्मशास्त्राच्या ग्रंथांतूनच प्रौढविवाहाला आधार शोधत होते. आगरकर शास्त्राचा आधार मागणेच नाकारून विवेक आणि व्यक्तीचे सुख यांच्या कसोटीवर रूढी पारखू पाहत होते. जोतीराव फुले यांनी मलबारींच्या टिपणांवर डिसेंबर १८८४ मध्ये दिलेल्या मतात एकोणीस वर्षांखालील मुलगे आणि अकरा वर्षांखालील मुली यांच्या विवाहास आळा घालावा असे सुचविले, आणि सक्तीच्या वैधव्याचा सर्वांत क्रूर भाग ब्राह्मणांच्या घरांत घडतो हेही नोंदविले. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने धर्माच्या व्यवहारात कायदा करण्याला होता. सुधारकांनी स्वतःच्या आचरणाने सुरुवात करावी म्हणून १८९० मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रस्तावात मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, चाळिशीनंतर विवाह करायचा झाल्यास विधवेशी करावा, हुंडा घेऊ नये आणि विधवांचे केशवपन करू नये अशी कलमे होती. या प्रस्तावातील वयोमर्यादा सरकारने पुढे कायद्याने घातलेल्या मर्यादेहून अधिक होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील दोन वर्षांत घडलेले ध्रुवीकरण केवळ मतांच्या अंतराने समजावून सांगता येत नाही, हे दिसते.

मतांचे हे जाळे दोन तंबूंत आवळले जाण्यास काही घटना निमित्त झाल्या. रखमाबाई आणि दादाजी भिकाजी यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने आणि १८८७ मध्ये त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला, तेव्हा पतीच्या घरी जाण्यास नकार देणारी शिकलेली स्त्री हा एका गटाला धर्मबुडवेपणाचा आणि दुसऱ्याला न्यायाचा विषय वाटू लागला. याच सुमारास ‘केसरी’च्या चालकांतील मतभेद विकोपाला गेले, आगरकर १८८७ मध्ये संपादकपदावरून दूर झाले आणि त्यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे स्वतंत्र साप्ताहिक काढले, ज्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत असत. जोवर टिळक आणि आगरकर एकाच पत्रात होते तोवर त्यांचा वाद एकाच वाचकासमोर होत असे. पत्रे दोन झाल्यावर वाचकही दोन झाले, आणि प्रत्येक वाचकाला विरोधकाचे म्हणणे विरोधकाच्या शब्दांत न मिळता आपल्या पत्राने केलेल्या खंडनाच्या रूपानेच मिळू लागले. कलकत्त्यात फुलमणी दासी या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीचा १८९० मध्ये पतीच्या समागमामुळे मृत्यू झाल्यावर संमतिवयाचे विधेयक पुढे आले, ते अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये विधिमंडळात मांडले, आणि संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाला. या अवघ्या अडीच महिन्यांत पुण्यात सभा, प्रतिसभा, अर्ज आणि अग्रलेख यांचा पूर आला, क्रीडाभुवनात विधेयकाला पाठिंबा देण्यासाठी बोलाविलेली सुधारकांची सभा दंगा करून उधळण्यात आली, आणि आगरकरांना जिवंतपणी आपली प्रतीकात्मक प्रेतयात्रा पाहावी लागली. भांडारकरांसारख्या पंडिताने ग्रंथाधार देऊन लिहिलेले टिपण आणि त्यावर टिळकांनी केलेली टीका या दोहोंत पुष्कळ विद्वत्ता होती. परंतु रस्त्यावर तिचे रूपांतर ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ या दोन शिक्क्यांत झाले.

याच काळातील पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण प्रभावाच्या विषमतेचा आणखी एक पैलू उघड करते. ऑक्टोबर १८९० मध्ये या ख्रिस्ती मिशनने पुण्यातील चाळीसहून अधिक प्रतिष्ठितांना निमंत्रण दिले, त्यांत रानडे, टिळक आणि गोखले हेही होते, आणि व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांपैकी कोणी चहा घेतला आणि कोणी केवळ पेल्याला हात लावला, परंतु गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या सनातनी बाण्याच्या पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य सुरू झाले. ग्रामण्य म्हणजे आचारभंगाच्या आरोपावरून जातीत उठणारा वाद. त्यात आरोपीशी पंक्तिव्यवहार आणि सोयरीक थांबविली जाई, त्याच्या घरी श्राद्ध किंवा लग्न लावण्यास भटजी मिळत नसे, आणि अखेरचा निर्णय शंकराचार्यांच्या पीठाकडे जाई. येथेही तसेच झाले. पीठाकडून चौकशीसाठी शास्त्री आले, आणि अनेकांनी प्रायश्चित्त घेतले, त्यांत १८९२ मध्ये स्वतः रानडेही होते. जोशी यांना सुधारणेचा किंवा सनातनाचा पक्ष चालवायचा होता असे त्यांच्या एकंदर चरित्रावरून म्हणवत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या ढोंगावर बोट ठेवण्यात त्यांना रस होता. पण छापलेल्या एका यादीच्या जोरावर एकटा माणूस न्यायाधीशपदावरील व्यक्तीसही आपले खासगी वर्तन जातीपुढे मांडायला लावू शकला. छापखान्याची पोच आणि पीठाची दंडशक्ती एकत्र आली, की मधल्या जागेवर उभे राहणे किती महाग पडते, हे या प्रकरणात दिसले. टिळकांची गोष्टही तीच, कारण सनातनी गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे येत असतानाच त्याच गटातील कडव्या मंडळींनी त्यांना आरोपीच्या ओळीत बसविले होते.

ध्रुवीकरण वृत्तपत्रांतून संस्थांत उतरले, तेव्हा त्याला कायमचे रूप आले. पुणे सार्वजनिक सभा ही २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली संस्था प्रतिनिधित्वाच्या एका विलक्षण कल्पनेवर उभी होती: सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार, आणावे लागे. प्रभाव कोणाला आपोआप मिळू नये, तो कोणीतरी सोपविलेला असावा, अशी या नियमामागची भूमिका होती, आणि दुष्काळाच्या काळातील सभेच्या कामाला तिनेच वजन दिले होते. मात्र १८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाने सभेच्या कार्यकारिणीत बहुमत मिळविल्यावर रानडे आणि गोखले यांना बाहेर पडावे लागले, आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. त्याच १८९५ च्या डिसेंबरात पुण्यात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अकरावे अधिवेशन भरले, तेव्हा काँग्रेसच्या मंडपात दरवर्षी होणारी सामाजिक परिषद या वेळी तेथे होऊ देणार नाही असा आग्रह विरोधकांनी धरला, मंडप जाळण्याच्या धमक्या आल्या, आणि अधिवेशन मोडू नये म्हणून रानडे यांनी परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. राजकीय प्रश्नांवर एकमत असलेली माणसे सामाजिक प्रश्नावर एका मंडपात बसू शकत नाहीत, हे या प्रसंगाने जाहीर झाले. यापुढे पुण्यात कोणत्याही प्रश्नावर मत मांडणाऱ्याला आधी तो कोणत्या सभेचा हे विचारले जाऊ लागले.

या दोन गटांच्या भांडणाचा इतिहास लिहिताना नेहमी राहून जाते ती गोष्ट अशी, की दोन्ही गट मिळूनही मराठी समाजाचा फार छोटा भाग होता. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र सुरू केले, परंतु ते पुण्यात तग धरू शकले नाही आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्त्यांच्या आधाराने पुन्हा उभे केले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले, त्याच्या पाचशे प्रती निघाल्या, आणि विधवांच्या दोषांबद्दल पुरुषांनी चालविलेल्या चर्चेला स्त्रीने दिलेले हे सडेतोड उत्तर टीकेच्या थोड्या गदारोळानंतर जवळजवळ एक शतकभर विस्मृतीत गेले. फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात त्याची बाजू घेतली, पण त्यांच्या शब्दालाही पुण्याच्या मोठ्या पत्रांत जागा नव्हती. रखमाबाईंना आपली कैफियत इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने मांडावी लागली होती. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी डॉक्टर भीमराव आंबेडकर यांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याचे त्यांनी नंतर लिहिले आहे. ज्या वादात विधवेचे केस, तिचे लग्न आणि तिच्या शरीराचे वय हे विषय होते, त्या वादात विधवेचा आवाज बहुधा नव्हता, आणि जातीच्या उतरंडीत खाली असलेल्यांना त्या वादाचे श्रोते होण्याचीही सोय नव्हती.

कर्वे यांचा प्रवेश या पार्श्वभूमीवर झाला. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर गणिताच्या अध्यापनासाठी माणूस हवा होता, आणि गोखले यांच्या आग्रहावरून कर्वे १८९१ च्या अखेरीस फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. पहिली पत्नी वारल्यानंतर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदन या शाळेतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या आणि विवाहानंतर आनंदीबाई, पुढे सर्वांच्या बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले, त्यांना घरात ठेवून घेतल्यास त्यांच्या आप्तांवरही बहिष्कार पडेल असे ठरविले, आणि गावी गेल्यावर कुटुंबापासून वेगळे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्याच वर्षी शारदा सदनातील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकल्याच्या आरोपावरून ‘केसरी’ने चालविलेला वाद शिगेला पोहोचला, रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. एका बाजूला विवाहाचा आग्रह धरणारी सुधारक संस्था आणि दुसऱ्या बाजूला धर्मांतराच्या संशयाने घेरलेली संस्था, अशा कोंडीत ज्या विधवेला केवळ शिकून पोट भरायचे होते तिला जागाच उरली नव्हती.

ही जागा तयार करणे हे कर्व्यांनी आपले काम मानले. डिसेंबर १८९३ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीत ते प्रमुख होते. परंतु जून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन करताना त्यांनी विवाहाचा प्रचार आश्रमापासून अलग ठेवला, आश्रमातील स्त्रियांपुढे पुनर्विवाहाची सक्ती तर सोडाच, शिफारसही ठेवली नाही, आणि शिक्षण एवढाच उद्देश सांगितला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले, तेव्हा आश्रम तेथे गेला, आणि कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवून हिंगण्याची वाट पायी तुडवू लागले. त्यांच्या पत्नीच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले स्वतः सोवळ्या विधवा असताना आश्रमात शिकल्या आणि नंतर त्याच्यासाठी गावोगाव निधी जमवीत हिंडल्या. सनातनी घरांतील माजघरापर्यंत त्यांना प्रवेश मिळे, याचे एक कारण त्यांचा वेष आणि आचार त्या घरांना ओळखीचा होता. पुढे त्यांनी केशवपन सोडले आणि त्या चालीविरुद्ध उघडपणे बोलू लागल्या, तेव्हा त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते अग्रलेखातून आलेले नव्हते, वर्षानुवर्षांच्या परिचयातून आलेले होते. संस्थेचा भाऊबीज निधी याच रीतीचा: दारोदार जाऊन ओवाळणी म्हणून लहान रकमा गोळा करायच्या, त्यामुळे देणाऱ्यांची संख्या मोठी आणि एकेकट्या देणाऱ्याचा संस्थेवरील अधिकार छोटा राही.

या मार्गाची किंमतही होती, आणि ती नोंदविल्याशिवाय हिंगण्याचा इतिहास पुरा होत नाही. आश्रमाचे दार आरंभी प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठीच उघडे होते, कारण सनातनी पालकांनी मुली पाठवाव्यात तर पंक्तीचा आणि सोवळ्याचा प्रश्न उठता कामा नये असा हिशेब होता. म्हणजे दोन गटांच्या मधली वाट काढताना दोन्ही गटांना मान्य असलेली जातीची भिंत तशीच राहिली. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाला वाहिलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून बरोबर उलट मार्ग धरला, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले, त्यांपैकी एका खटल्यात आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि मासिकाचा खप थोडाच असताना ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. वडिलांनी वादग्रस्त प्रश्न बाजूला ठेवून संस्था वाढविली आणि मुलाने वादग्रस्त प्रश्न हातचा न सोडता प्रभाव गमावला; ध्रुवीकृत समाजात या दोहोंपैकी एक निवडण्याची पाळी येते, हेच त्या समाजाचे लक्षण समजावे. मोठ्या देणगीचा प्रश्नही कर्व्यांना टळला नाही. त्यांनी १९१६ मध्ये हिंगण्यास मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ सुरू केले, १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. भाऊबीजेच्या हजारो लहान देणाऱ्यांनी जी संस्था पोसली ती हिंगण्यात राहिली, आणि एका मोठ्या देणगीने जी उभी राहिली ती देणगीदाराच्या शहरात गेली.

आजच्या समाजमाध्यमांकडे या इतिहासातून पाहिले असता काही साम्ये सहज लक्षात येतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये दाखविले, की तेथील प्रौढ ट्विटर-वापरकर्त्यांपैकी सर्वाधिक लिहिणारे दहा टक्के लोक एकूण मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग निर्माण करतात. छापखान्याचा खर्च नाहीसा झाला तरी ऐकले जाण्याची विषमता नाहीशी झालेली नाही. महाराष्ट्राने तिचे परिणाम पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि त्या मजकुराला पसंती देणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. जून २०१४ मध्ये फेसबुकवरील विटंबनात्मक चित्रांवरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरला त्या चित्रांशी काही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक-व्यावसायिकाची हत्या झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. हे पाच जण भटक्या समाजातील होते, म्हणजे ज्यांच्याविषयी संदेश पसरला त्यांच्या हाती त्याला उत्तर देण्याचे कोणतेही साधन नव्हते.

भेद आहेत तेही महत्त्वाचे आहेत. ‘पुणे वैभव’ने यादी छापली तेव्हा ती कोणी दिली आणि कोणी छापली हे शहराला ठाऊक होते, आणि अब्रूनुकसानीचा दावा कोणावर लावायचा याबद्दल संदिग्धता नव्हती. आज मजकूर कोणाच्या डोळ्यांपुढे येईल हे अल्गोरिदम, म्हणजे वाचकाच्या आधीच्या वर्तनावरून पुढचा मजकूर निवडणारी संगणकीय नियमावली, ठरविते, आणि तिचा संपादक वाचकाला दिसत नाही. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांनी वाचकांचे दोन वर्ग केले होते, परंतु एका वाड्यातील सर्वांना निदान एकच अंक ऐकू येत असे. आता एका घरातील चार माणसांना चार वेगळे अंक मिळतात. ग्रामण्यात वाळीत पडणाऱ्याला प्रायश्चित्ताचा मार्ग होता, तो अपमानास्पद असला तरी त्याला शेवट होता. समाजमाध्यमांवरील बहिष्काराला पीठ नाही, शास्त्री नाहीत, आणि म्हणून तो मिटविण्याचा विधीही नाही.

ध्रुवीकरणावरचा उपाय म्हणून मध्यममार्गी मतांचा पुरस्कार केला जातो. पुण्याचा अनुभव त्यापेक्षा वेगळ्या दिशेकडे बोट दाखवितो. १८९० च्या पुण्यात मधली मते भरपूर होती, खुद्द टिळकांच्या प्रस्तावातही ती होती, पण ती टिकवून धरणारी संस्था नव्हती आणि ती ज्यांच्या जीवनाविषयी होती त्यांच्या हाती ना छापखाना होता ना सभा. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रात आणि हिंगण्याच्या भाऊबीज निधीत एक समान तत्त्व होते, ते म्हणजे बोलणाऱ्याचा अधिकार अनेकांच्या छोट्या, मोजता येणाऱ्या संमतीवर उभा असावा, आणि ती संमती वेळोवेळी पुन्हा मागावी लागावी. सभेत हे तत्त्व एका बहुमताच्या लढाईत हरले, हिंगण्यात ते जातीच्या मर्यादेत का होईना पण टिकले, आणि म्हणूनच त्या माळावरच्या झोपडीतून एक विद्यापीठ निघाले आणि पुढे त्याच आवारात १९९१ मध्ये मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे राहिले, जेथे आज संगणकाचे शिक्षण दिले जाते. समाजमाध्यमांचे नियम ज्या कंपन्या, न्यायालये आणि सरकारे ठरवितात, त्यांच्यापुढचा प्रश्न कोणते मत दाबावे हा असण्यापेक्षा कोणाचा आवाज कोणाच्या संमतीने एवढा मोठा झाला हा असला पाहिजे. तो विचारला गेला नाही, तर दोन गटांतील अंतर कमी झाले तरी त्या दोहोंच्या बाहेर असलेल्यांच्या वाट्याला ताराबाई शिंदे यांच्या पाचशे प्रतींइतकीच जागा येईल.